पाहुणी अजून आहे

११ नोव्हेंबर, मंगळवार

साताऱ्याचं घर सकाळी सोडलं आणि दुपारी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले. सम्राट बुलेट घेऊन उभा होता. वेबसाइटवरच्या फोटोतला तोच गॉगल डोळ्यांवर होता, त्यामुळे ओळखायला अडचण आली नाही. "या मॅडम. पावणं आमचं दैवत," असं म्हणून त्याने माझी सॅक स्वतःच्या पोटाशी घेतली आणि मला मागे बसवलं.

पाहुण्यांना घरात ठेवून घेणाऱ्यांच्या त्या वेबसाइटवरून मिळालेलं, या प्रवासातलं हे माझं चौथं अनोळखी घर. यजमान झोपायला जागा देतो, आपण त्याच्याशी गप्पा मारायच्या, त्याचं गाव त्याच्या डोळ्यांनी बघायचं. भाड्याचा प्रश्न नाही. पुण्यातली नोकरी सोडून निघाले तेव्हा आई नाशिकहून फोनवर म्हणाली होती, "मैथिली, लोकांच्या घरात फुकट राहणं सोपं नसतं गं." मी हसले होते. अजून तरी सोपंच गेलंय.

सम्राटचं घर कसबा बावड्याच्या टोकाला. दुमजली, पुढे म्हशींचा गोठा, मागे ऊस. कारखाना सुरू झालाय, त्यामुळे हवेत मळीचा गोडसर आंबट वास. घरात चौघं. सम्राट, त्याची बायको स्वप्नाली, वडील आणि आई. वडिलांना सगळे दादा म्हणतात, आईला अक्का. दादा बोलत नाहीत. अक्का सगळ्यांच्या वाटचं बोलतात.

हॉलमध्ये आधीच्या पाहुण्यांचे फोटो फ्रेम करून लावलेत. एक फ्रेंच, दोन केरळी मुलगे, एक सायकलवाला जर्मन. प्रत्येकाशेजारी सम्राट. मी पहिलीच बाई.

जेवताना मी स्वप्नालीला विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय?" उत्तर सम्राटनेच दिलं. "बीएस्सी हाय ती. पुढं पण कायतरी कोर्स केलाता. आता घरचंच एवढं असतंय की." ती भाकरी वाढत होती. माझी बाही वर सरकलेली होती. तिने माझ्या कोपराच्या आतल्या बाजूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमची शीर लई छान हाय. बघितल्या बघितल्या दिसती."

मी थँक्यू म्हटलं.

जेवणं उरकल्यावर दादांनी बाहेरच्या दाराचं लोखंडी ग्रिल ओढून कुलूप लावलं. मी सम्राटकडे पाहिलं. "सेफ्टी, मॅडम. आता कोण जातंय बाहेर." खरं आहे. पण कुलूप लागल्यावर मला उगाचच बाहेर जावंसं वाटायला लागलं.

दोनच रात्री. गुरुवारी बेळगाव. तिथलं शिक्षक जोडपं वाट बघतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी एकटीच फिरायला निघत होते. सम्राट म्हणाला, "एकटं कशाला? स्वप्नालीला घेऊन जावा. तिला पण बाहेर पडाय मिळंल. एकटी ती कुठं जात न्हाय." न्हाय म्हणजे जाऊ देत नाही, की तिला जायला आवडत नाही, ते त्याच्या बोलण्यावरून समजलं नाही.

स्कूटरची किल्ली दादांच्या कॉटच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला असते. दादांनी ती काढून स्वप्नालीच्या हातात दिली. अक्का गोठ्यातनं ओरडल्या, "पावणीला समदं दाव गं. गडबड करू नगं."

न्यू पॅलेसच्या दारात स्वप्नालीने स्कूटर थांबवली. माझं तिकीट काढलं आणि म्हणाली, "तुम्ही सावकाश बघा. मी आलोच." इकडच्या बायका 'आलो, गेलो' म्हणतात. मला ते फार आवडलं, म्हणून काही विचारायचंच राहून गेलं.

म्युझियम बघून झालं. पेंढा भरलेले वाघ बघून झाले. बाहेर झाडाखाली बसले, पुन्हा आत जाऊन वाघ बघितले. ती आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगाला दवाखान्यासारखा स्पिरिटचा वास. "पायाला काच लागलती, पट्टी करून आलो." तिच्या दोन्ही पायांवर मला पट्टी दिसली नाही.

"घरी काय सांगू नका, ताई. उगंच काळजी करत्यात."

सांगितलं नाही. पण थोडा राग आला. पाहुणीला वाघांपाशी सोडून जाण्याची ही कुठली पद्धत?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मी बेळगावात नाही. अजून बावड्यातच आहे.

सकाळी अंघोळ करून आले तर सॅक रिकामी. अक्कांनी सगळे कपडे धुवून वाळत घातलेले, अगदी जीन्ससकट. त्यातले अर्धे मी साताऱ्यात धुतलेले होते. अंगावर होता तेवढा एक गाऊन.

"अक्का, मला आज निघायचंय."

"वल्ल्या कापडानं पावणीला लावून देऊ व्हय? लोक काय म्हणतील? ऱ्हावा की एक दिस. बेळगाव कुठं पळून चाललंय?"

सम्राट हसला. मीही हसले. हसले तिथेच चुकलं बहुतेक. बेळगावच्या सरांना उद्या येते असं कळवलं. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

दुपारी कपडे वाळले तरी निघता आलं नाही, कारण मटण शिजत होतं. जेवताना सम्राटने प्रत्येक वाटीबरोबर माझा फोटो काढला. मी 'पुरे' म्हटलं की अक्का वाढतात आणि 'नको' म्हटलं की जास्त वाढतात. पोट इतकं भरलं की जिना चढताना कठड्याला धरावं लागलं.

नंतर स्वप्नालीबरोबर रंकाळ्याला. तिने मला कठड्यावर बसवलं, हातात भाजलेलं कणीस दिलं आणि गेली. मी कणीस संपवलं. तळ्याला फेरी मारली. परत येऊन तिथेच बसले. आज तिने कारणसुद्धा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा गप्प राहिलं की दुसऱ्यांदा विचारणं अवघड होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सॅक भरून खाली आले. आज कुणाचंही ऐकायचं नाही असं आरशात बघून ठरवलं होतं. सम्राट म्हणाला, "चला, आधी एक गंमत दावतो."

चौकात डिजिटल बोर्ड लागलाय. दोन माणसांएवढा उंच. त्यावर मी. वेबसाइटवरचा फोटो, मागे ढग आणि एक गरुड. 'एकटीने महाराष्ट्र पालथा घालणाऱ्या धाडसी रणरागिणी मैथिलीताई यांचा जाहीर सत्कार. रविवार.' खाली हात जोडलेला सम्राट, माझ्यापेक्षा जरा मोठा.

"मला विचारलं नाहीत तुम्ही."

"सरप्राइज, मॅडम." तो इतका खूश होता की मीही बोर्डाकडे बघून हसले. वॉर्डातली निवडणूक जवळ आलीय, असं पानटपरीवाला मला आपणहून सांगून गेला.

बेळगावच्या सरांना रविवारनंतर येते असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'आम्ही आता दुसऱ्या पाहुण्यांना होकार दिला आहे. शुभेच्छा.' म्हणजे पुढचं दार बंद.

मी इथून निघू का शकत नाही, हे आज स्वतःला नीट विचारलं. मला कुणी बांधलेलं नाही. ग्रिल सकाळी उघडतं. पण खाल्लेल्या प्रत्येक घासासरशी माझी 'नाही' म्हणायची जागा कमी होत गेलीय. हॉटेलात असते तर किल्ली काउंटरवर ठेवून चालती झाले असते. इथे किल्लीच नाही, ठेवणार कुठे?

संध्याकाळी गच्चीवर गेले तर स्वप्नाली कपडे काढत होती. मी म्हटलं, "मला जायचंय गं इथून." ती पटकन वळली. "रविवार होऊ दे. सोमवारचा दिवस तेवढा थांबा. मंगळवारी मी स्वतः सोडतो तुम्हाला." म्हणजे हिचंही ठरलंय. या घरात माझे दिवस मी सोडून बाकी सगळे ठरवतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहावं की नको असं झालंय.

अंबाबाईच्या देवळात स्वप्नालीने मला रांगेत उभं केलं आणि नेहमीसारखी गेली. आज रांग भराभर सरकली. मी लवकर बाहेर आले आणि भवानी मंडपाच्या कडेला सावलीत उभी राहिले. समोरून एक स्कूटर आली. चालवणारा चाळिशीतला माणूस, पायांमध्ये थर्माकोलचा डबा. मागे स्वप्नाली. ती उतरली. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. तोंडावर हात न ठेवता, मोकळी. त्या घरात इतके दिवस राहूनही तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

म्हणजे हे आहे तर. मी आडोसा आहे. पाहुणीला गाव दाखवायचं नाव, आणि हे.

आमची स्कूटर लावली होती तिथपर्यंत मी गप्प चालले. मग विचारलंच. "कोण होता तो?"

ती पांढरी पडली. "सोमवारपर्यंत विचारू नका, ताई. सोमवार झाला की मी समदं सांगतो."

"घरी कळलं तर?"

"म्हणून तर तुम्ही पायजे."

हे वाक्य फार लागलं. मी कुणाच्या संसाराच्या मध्ये पडायला घरातून निघाले नव्हते. आणि सम्राट कसाही असला तरी त्याच्याच ताटात मी रोज जेवतेय.

संध्याकाळी अक्का लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला समोर बसवलं. "काय काय बघितलं आज?"

"देऊळ. मंडप."

"दोघी संगटच हुतासा?"

मी लसणाकडे बघत म्हटलं, "हो. दोघी बरोबरच होतो."

अक्कांनी पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "देऊळ लई मोठं हाय. एका दिसात बघून हुत न्हाय. सोमवारी परत जावा." आणि रात्री जेवताना माझ्या ताटात तुपाचा चमचा नेहमीपेक्षा भरून ओतला. बिचाऱ्या. सुनेवर केवढा विश्वास आहे त्यांचा. मला खोटं बोलल्याची लाज वाटली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सत्कार झाला. तालमीच्या हॉलमध्ये खुर्च्या, स्पीकर, शाल, श्रीफळ, फेटा. माझ्या डोक्यावर फेटा बांधताना सम्राटचे मित्र शिट्ट्या मारत होते. सम्राटचं भाषण लांबलं. "आमच्या घरात बायकांवर कसलं बंधन न्हाय. ही मैथिलीताई आमच्यात आली, घरच्यासारखी राहिली. अशा रणरागिणी घराघरात तयार झाल्या पायजेत."

टाळ्या वाजल्या. स्वप्नाली हॉलच्या मागच्या खोलीत चहा गाळत होती. गाळणं तिच्या हातात होतं आणि ती दाराच्या फटीतून आमच्याकडे बघत होती.

मला बोलायला लावलं. मी नेहमीचं बोलले. भीती सोडा, एकदा पाऊल उचला, जग चांगलं आहे. बोलताना फेटा कानावर सरकत होता आणि आतून घाम येत होता. पाहिजे तेव्हा उठून जाता येत नसलेली बाई इतरांना पाऊल उचलायला सांगत होती. कुणालाच ते खटकलं नाही.

घरी आल्यावर दादांनी ग्रिल ओढलं.

ठरलं. सकाळी म्हशींची धार काढायला दादा ग्रिल उघडतात. तेव्हा कुणाला न सांगता निघायचं. स्वप्नालीच्या सोमवारशी माझा संबंध नाही. तिचं तिने बघावं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे निघाले. दादा दूध घेऊन डेअरीला गेले होते. सम्राट झोपलेला. स्वयंपाकघरात स्वप्नाली भाकरी थापत होती, त्या आवाजात माझी पावलं बुडाली. गोठ्यासमोर मात्र अक्का उभ्या होत्या, हातात चाऱ्याची पाटी.

"निघालीस?"

"हो, अक्का. बेळगावला."

"आज सोमवार हाय."

"माहितीये."

त्यांनी पाटी खाली ठेवली. आता ओढून आत नेतील, चहा ठेवतील, म्हणून मी सॅकचा पट्टा घट्ट धरला. त्या म्हणाल्या, "दुपारपतोर थांबली असतीस तर..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "जा. संबाळून जा." एवढंच. पहिल्यांदाच त्यांनी आग्रह केला नाही, आणि मला ते नीट वाटलं नाही.

स्टँडवर बराच वेळ थांबल्यावर बस मिळाली, खिडकीही मिळाली. शहर मागे पडलं तसं छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं झालं. बेळगावात राहायचं कुठे माहीत नव्हतं, तरी मी मनात गाणं म्हणत होते. स्वप्नालीचे फोन येत होते. उचलले नाहीत. फोन पालथा घालून मांडीवर ठेवला.

मग अनोळखी नंबर आला. तो उचलला.

"मी डॉक्टर संयोगिता बोलतेय. राजारामपुरीत माझी लॅब आहे. तुम्ही स्वप्नालीच्या ताई ना? तिने हाच नंबर दिलाय. तिच्या फोनवर करू नका म्हणाली होती."

"कसली लॅब?"

"रक्त तपासणीची. आज ती अजून आली नाही. तुमच्याबरोबरच येते ना नेहमी? आमचे मोठे सर पुण्याहून आलेत, नवीन माणूस तेच पारखून घेतात. दुपारी परत जाणार. लग्नानंतर तिचं काम सुटलं होतं, पण या आठवड्यात येऊन येऊन तिने हात परत बसवलाय. परवा तर आमच्या नमुने नेणाऱ्या गाडीवरून देवळापर्यंत गेली, ताई वाट बघतेय म्हणून. आज नाही आली तर ही जागा दुसऱ्या मुलीला जाईल. घरी काही झालंय का?"

स्पिरिटचा वास. थर्माकोलचा डबा. जेवताना माझ्या कोपराकडे बघणारी ती.

मी म्हटलं, "येतोय आम्ही. सरांना थांबवा."

कागलला उतरले. परतीची बस मिळेपर्यंत उन्हात उभी होते. स्वप्नालीला फोन लावला तर आता तिने उचलला नाही. बसमध्ये बसल्यावर एकच विचार होता. घरी जाऊन सांगायचं काय? चोरून पळालेली पाहुणी परत का येते?

सम्राट दारातच होता. चिडलेला नव्हता, त्याचं तोंड लहान मुलासारखं उतरलं होतं. "न सांगता गेलासा, मॅडम. चौकात बोर्ड हाय तुमचा. आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही. मला बरं वाटत नाहीये. बसमध्ये त्रास झाला, म्हणून परत आले. दवाखान्यात जायचंय. स्वप्नालीला घेऊन जाऊ का?"

"तिला कशाला? मी गाडी काढतो. पाच मिनिटात पोचवतो."

मी सॅक खांद्यावरून उतरवून ओट्यावर ठेवली. तेवढ्यात अक्का आतून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. "तोंड बघ तिचं. बायकांचं दुखणं हाय. तू संगट जाऊन काय करणार? सूनबाईला जाऊ दे."

सम्राट मागे सरकला. दादांनी कॉटवर बसल्या बसल्या हात वर करून खिळ्याची किल्ली काढली.

स्वप्नाली पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. रस्त्याला लागल्यावर तिने स्कूटर थांबवली. "तुम्ही चालवा, ताई. माझं हात कापायलेत." मी चालवली. ती मागून रस्ता सांगत होती आणि मध्येच रडत होती.

लॅबमध्ये सर घड्याळाकडे बघत उभे होते. खुर्चीत एक म्हातारी बसली होती, हात काडीसारखे. आधीच्या मुलीने दोनदा टोचूनही रक्त आलं नव्हतं आणि म्हातारी आता हात देत नव्हती. स्वप्नालीने हात धुतले, हातमोजे घातले, म्हातारीशेजारी टेकली आणि तिच्या गावाचं नाव विचारलं. कबनूर. "मग यंत्रमाग ऐकून कान बधिर झालं असतील की, आजी." म्हातारी मुलाबद्दल, मागाबद्दल सांगायला लागली. सांगता सांगता तिने हात कधी पुढे केला, तिलाही कळलं नाही. "कधी टोचणार गं?" असं तिने विचारलं तेव्हा नळी भरून झाली होती.

मी लाकडी बाकावर बसून बघत होते. तिचा हात अजिबात कापत नव्हता.

सर म्हणाले, "एक तारखेपासून या."

परत येताना तिने स्कूटर घेतली. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ह्यांच्या पावणी. ह्यांनी विचारलं आणि तुमच्या तोंडातनं गेलं तर? म्हायतच नसलं तर जाणार काय?"

"आणि अक्कांना माहीत होतं?"

"मी कधी सांगितलं न्हाय. त्यांनी कधी विचारलं न्हाय." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पण गुरुवारी तुमची कापडं धुवा म्हणून मी सांगितलं नव्हतं. सॅक त्यांनीच उपडी केली."

मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल जेवताना स्वप्नालीने सांगून टाकलं. ती सांगणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. ताटं वाढून झाली आणि ती उभ्या उभ्याच म्हणाली, "एक तारखेपासनं मी राजारामपुरीत लॅबला कामाला जाणार हाय. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. आज पक्कं झालं."

सम्राटचा घास हातातच राहिला. "कुणासंगट गेलतीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी बोर्ड लावतोय आणि माझ्याच घरात..." त्याने घास ताटात ठेवला. "मॅडम, तुमाला आमी काय कमी केलं?"

मी म्हटलं, "काहीच नाही. पण ती काम चांगलं करते, सम्राट. मी आज बघितलं. एकदा तुम्ही पण येऊन बघा."

"मला माझ्या बायकोबद्दल तुमी सांगणार?" आवाज चढला नव्हता, तरी मला मान वर करता आली नाही. मग तो तिच्याकडे वळला. "आमच्यात बायका दुसऱ्याकडं कामाला जात न्हाईत. आणि जाणार कशी? एकटी? रोज पावणं येणार हायत व्हय तुझ्यासाठनं?"

दादांनी ताटात हात धुतला आणि ते उठले. अक्का खाली बघून जेवत राहिल्या. त्या बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. अजून एक मोडला. मला त्यांचा राग आला. कपडे भिजवायला येतात, दुखण्याची सबब द्यायला येते, आणि खरं बोलायची वेळ आली की आमटी.

सम्राट उठताना म्हणाला, "सकाळी निघा तुमी."

एवढे दिवस ज्या वाक्यासाठी तळमळत होते, ते असं मिळालं. सुटका झाल्यासारखं मुळीच वाटलं नाही. स्वप्नालीला मागे ठेवून जायचं होतं.

सकाळी सॅक घेऊन खाली आले. सम्राट बाहेर आला नाही. स्वप्नालीने माझ्या हातात दशम्यांची पुरचुंडी दिली. फाटकापर्यंत अक्का आल्या.

"पोरी, त्या लॅबात बसाय बाकडं हाय न्हवं?"

"आहे. लाकडी."

"पाठ टेकाय हाय?"

"भिंतीला लागून आहे. का हो?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "इचारलं आपलं." आणि म्हशीकडे गेल्या.

निपाणीच्या बसमध्ये बसून हे लिहितेय. सून घरात रडतेय आणि या बाईला बाकाची चौकशी. माणसं कळत नाहीत.

१ डिसेंबर, सोमवार. कुमठा

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. धारवाडला हॉटेलात राहिले. इथे कुमठ्यात एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे उतरलेय. पहिल्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं, मी गुरुवारी जाणार आणि दोन पोळ्यांच्या वर खाणार नाही. ते बरं म्हणाले. इतकं सोपं होतं.

स्वप्नालीला दोनदा मेसेज केला होता. उत्तर आलं नाही. आज एक तारीख, म्हणून सकाळपासून कशात लक्ष लागेना. फोन करावा तर तो कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

दुपारी अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडून अक्कांचा आवाज, गोठ्यातून हाक मारतात तेवढाच मोठा.

"मैथिली न्हवं का? मी बोलतोय. लॅबातनं."

"लॅबमधून? बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीया. सूनबाईसंगट आलोय. एकटीनं जायचं न्हाय म्हणला न्हवं त्यो? मग म्या हाय की सोबतीला. रोज येणार. हितं बाकावर बसतो."

मी मग विचारलं, "सम्राट काय म्हणाला?"

"बोलत न्हाय. जेवणाचं ताट वर मागवतोय. बोलंल."

"आणि दादा?"

"त्येनी किल्लीवर हात ठिवला हुता. मी म्हटलं, काढा हात. चाळीस वर्सं म्हशी धुतल्या तुमच्या घरात, एक बाकडं मागतोय. मग काढला."

"गाडीवर बसून आलात?"

"डोळं मिटून. पोरगी लई जोरात मारती." मग त्यांनी आवाज बारीक केला. त्यांचा बारीक आवाज सगळ्या लॅबला ऐकू जात असणार. "मगाशी एक बाई म्हणाली, आजी, तुमचा नंबर कधीचा? मी म्हटलं, माझा नंबर न्हाय. आत रक्त काढायलीया, ती माझी सून हाय."

मागे कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. रस्त्यावरचे हॉर्न, एका बाळाचं रडणं, दार उघडल्याचा आवाज.

"दिवसभर बसून कंटाळा नाही येत, अक्का?"

"कंटाळा? पोरी, लगीन होऊन बावड्यात आलो तवापासनं एवढी माणसं निवांत बसून बघितली न्हवती," त्या म्हणाल्या. "ठिवतो आता. एक नवरा-बायको आल्यात, भांडायलेत. ऐकू दे मला."